दोन मॉनिटर लावायचेत, केबल कुठल्या घ्यायच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवा २७ इंची मॉनिटर घेतलाय, १४४०पी, १६५ हर्ट्झवाला म्हणजे चित्र सेकंदाला १६५ वेळा ताजं करणारा, मागे एक डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय आणि एक यूएसबी-सी. शेजारी जुना २४ इंची १०८०पी तसाच ठेवायचाय पण त्याला फक्त डीव्हीआय आणि व्हीजीए, ही दोन जुनी भोकं. पीसीच्या ग्राफिक्स कार्डला तीन डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय. अधूनमधून ऑफिसचा लॅपटॉप पण याच दोन स्क्रीनला लावायचाय. आणि विचारणं असं की एका एचडीएमआयचे दोन करणारा स्प्लिटर घेतला आणि दोन्हीकडे महागातल्या गोल्ड प्लेटेड २.१ केबल टाकल्या तर चालेल का.

नाही चालणार, आणि त्यातला अर्धा खर्च पाण्यात जाईल. मी बरीच वर्षं लोकांची डेस्कं लावून द्यायचं काम करतोय आणि दर दोन-तीन जागांमागे एका जागी हाच घोळ असतो, लोक आधी केबल आणतात आणि मग ती कुठे बसते ते शोधतात. उलटं करा. पीसी फिरवून मागे बघा, मॉनिटर वाकवून खाली बघा, एका कागदावर दोन्हीकडची भोकं लिहून काढा, त्यापुढे प्रत्येक मॉनिटरला किती रिझोल्यूशन किती हर्ट्झवर हवंय ते लिहा, आणि मग केबल. एवढं लिहिलंत की केबल जवळजवळ आपोआप ठरते.

आधी त्या स्प्लिटरचा निकाल लावू. एचडीएमआय स्प्लिटर म्हणजे झेरॉक्स मशीन आहे. एक चित्र आत जातं, त्याच चित्राच्या दोन प्रती बाहेर येतात, दुकानात पाच टीव्हींवर एकच जाहिरात चालते ना त्यासाठी ते असतं. तुम्हाला डावीकडे मेल आणि उजवीकडे एक्सेल असं हवंय, त्याला एक्सटेंड म्हणतात, आणि एचडीएमआयच्या एका पोर्टमधून दोन वेगळी चित्रं निघतच नाहीत. शिवाय स्प्लिटर बऱ्याचदा दोन्ही मॉनिटरना झेपेल असंच रिझोल्यूशन कार्डाला सांगतो, म्हणजे नवा १४४०पी मॉनिटर सुद्धा १०८०पीवर येऊन बसणार. तुमच्या कार्डाला चार पोर्ट आहेत, दोन मॉनिटरला दोन पोर्ट वापरा, विषय संपला.

हो, आणि केबल कार्डालाच लावा. हे सांगायला मलाच कसंतरी होतं पण सांगतो, कारण मदरबोर्डच्या, म्हणजे पीसीच्या मुख्य बोर्डाच्या, पॅनेलवर पण एक एचडीएमआय दिसतो, तो वरच्या बाजूला असतो आणि हाताला आधी लागतो. तो प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्सच नसतं आणि तो पोर्ट मेलेला असतो. आणि ग्राफिक्स असेल तरी कार्ड लावल्यावर बरेच मदरबोर्ड तो पोर्ट बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवतात. आडव्या पट्टीत, खालच्या बाजूला जे पोर्ट दिसतात ते कार्डाचे, तिथेच लावायचं.

आता नव्या मॉनिटरकडे येऊ, कारण खरं घोडं इथे अडतं. १४४०पी म्हणजे २५६० गुणिले १४४०, सेकंदाला १६५ वेळा, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, हे सगळं गुणलं की सेकंदाला साधारण १४.६ गिगाबिट होतात. वर थोडा मोकळा वेळ जातो प्रत्येक फ्रेमच्या मधे, म्हणजे धरा १५ ते १५.५. आता एचडीएमआय २.० चा आकडा १८ गिगाबिट असं सगळीकडे छापलेलं असतं आणि माणूस म्हणतो मग काय, १८ मध्ये १५ आरामात बसतात. पण तो १८ चा आकडा तारेवरचा आहे. तारेवर पाठवताना दर ८ बिटांचे १० करून पाठवतात, म्हणजे खरा माल फक्त १४.४. म्हणूनच १४४०पी १६५ हर्ट्झच्या कित्येक मॉनिटरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की एचडीएमआयवर १४४ हर्ट्झ, डिस्प्लेपोर्टवर १६५. कंपनीने मुद्दाम केलेलं नाहीये ते, गणितच तसं आहे. डिस्प्लेपोर्ट १.२ घेतलात तर तारेवर २१.६ आणि खरे १७.२८, तिथे १६५ बसतं. रंग १० बिटचे हवे असतील तर १.२ मध्येही नाही बसत, मग १.४ लागतो, त्याचे ३२.४ आणि खरे २५.९२. तुमचं कार्ड गेल्या काही वर्षांतलं असेल तर त्याला १.४ असणारच.

म्हणून नव्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट साधी सरळ केबल, दीड ते दोन मीटर. बहुतेक वेळा मॉनिटरच्या खोक्यातच येते, आधी खोकं नीट बघा, थर्माकोलच्या खाचेत अडकलेली असते आणि लोक खोकं फेकून देतात.

केबलच्या व्हर्जनबद्दल. केबलला व्हर्जन नसतं. व्हर्जन असतं पोर्टला, म्हणजे दोन टोकांच्या यंत्रांना, केबलला असतो दर्जा, म्हणजे ती किती वेगाने न अडखळता नेते एवढंच. एचडीएमआयमध्ये हे दर्जे नावाने असतात, हाय स्पीड म्हणजे १०.२ गिगाबिटपर्यंत, प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ पर्यंत, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८ पर्यंत. खरंतर नियमाप्रमाणे केबलच्या पाकिटावर २.० किंवा २.१ असं छापायचंच नसतं, तरी सर्रास छापतात. पाकिटावर ते नाव आहे का आणि शेजारी स्कॅन करायचं लेबल आहे का ते बघा, अल्ट्रा हाय स्पीडच्या खऱ्या प्रमाणित केबलवर ते असतं. नुसतं मोठ्या अक्षरात ८के लिहिलंय त्याला काही अर्थ नाही. बरं आणि पोर्टावर २.१ लिहिलं तरी तो ४८ देईलच असंही नाही, २.१ मधल्या बऱ्याच गोष्टी ऐच्छिक आहेत, म्हणून मॉनिटर घेताना व्हर्जन न बघता कुठल्या पोर्टवर किती रिझोल्यूशन किती हर्ट्झ देतो ते वाक्य माहितीपत्रकात शोधा. तेवढं एकच वाक्य कामाचं असतं.

सोन्याच्या मुलाम्याचं पण सांगून टाकतो. सिग्नल डिजिटल आहे, चित्र एकतर पोचतं नाहीतर फुटतं. मुलाम्याने टोक गंजत नाही, दमट हवेत बरं, पण रंग उजळ किंवा अक्षरं धारदार अजिबात होत नाहीत. केबल कमी पडली तर ती कशी ओळखायची, तर स्क्रीनवर मधेच पांढरे ठिपके चमकतात, किंवा सेकंदभर पूर्ण काळी होऊन परत येते, किंवा हवा तो हर्ट्झ निवडला की "नो सिग्नल". चित्र फिकट किंवा मऊ दिसतंय तर केबलवर खापर फोडू नका, ते सेटिंग असतं, त्याबद्दल खाली लिहितो.

डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये मात्र एक जागा आहे जिथे मी स्वतः स्वस्त आणि बिननावाची घेत नाही. त्या प्लगला २० पिना असतात आणि विसावी पिन ३.३ व्होल्ट पुरवठ्याची असते, ती अॅडॅप्टरला वीज मिळावी म्हणून. नेहमीच्या डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये ही पिन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडायचीच नसते, पण काही केबल बनवणारे जोडून मोकळे होतात. मग काय होतं, मॉनिटर आपली वीज केबलमधून उलटी कार्डात ढकलतो. मला हे पहिल्यांदा भेटलं तेव्हा दोन तास गेले होते. एका डिझायनरचा पीसी सकाळी चालूच होईना, बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारून थांबायचा. पॉवर सप्लाय बदलून पाहिला, रॅम काढून घातली, काही नाही. शेवटी पीसीची मेन वायरच भिंतीतून काढली, आणि बघतो तर काय, वायर काढलेली असताना मदरबोर्डवरचा बारका दिवा मंद जळतोय. वीज येतेय कुठून? मॉनिटरची केबल उपसली, दिवा विझला, पीसी एका झटक्यात चालू. आदल्याच आठवड्यात त्याने जास्त लांब हवी म्हणून कुठलीतरी केबल मागवली होती, ती फेकली, परत कधी त्रास नाही. तेव्हापासून पीसी बंद असताना काही उजळलेलं दिसलं की पहिला हात डिस्प्लेपोर्ट केबलवर जातो. प्रमाणित केबल घेतलीत तर ही भानगड येत नाही.

अजून एक, डिस्प्लेपोर्टच्या प्लगला वर खटका असतो, तो दाबून मग ओढायचं. एचडीएमआयसारखं हिसकलं तर कार्डाचं सॉकेट ढिलं होतं आणि मग जन्मभर केबल हलली की स्क्रीन जाते.

आता जुना मॉनिटर. त्याला डीव्हीआय आहे हे तुमचं नशीब चांगलं, कारण डीव्हीआय आणि एचडीएमआय हे आतून भाऊभाऊच, दोन्हीकडे सिग्नल एकाच पद्धतीचा आहे. डीव्हीआय १९९९ चं, एचडीएमआयचं पहिलं व्हर्जन २००२ च्या अखेरीचं, त्यांनी तोच सिग्नल घेऊन आवाज वगैरे जोडला. त्यामुळे एचडीएमआय ते डीव्हीआय-डी (फक्त डिजिटलवाली) केबल घ्यायची, एक टोक कार्डाच्या एचडीएमआयला, दुसरं मॉनिटरला, मधे कुठलीही चिप नाही, वेगळा पुरवठा नाही, साधी तार. साध्या सिंगल लिंक डीव्हीआयला १९२० गुणिले १२०० हे ६० हर्ट्झवर जमतं, म्हणजे तुमचं १०८०पी ६० आरामात, त्याला लागतातच जेमतेम ३ गिगाबिट. घेताना फक्त प्लगकडे बघा. डीव्हीआयच्या आडव्या पात्याच्या भोवती चार जास्तीच्या पिना असतील तर ती डीव्हीआय-आय, आणि ती डीव्हीआय-डीच्या सॉकेटात शिरतच नाही, लोक जोर लावून पिना वाकवतात. डी घेतलीत की दोन्हीत बसते. आवाजाचं म्हणाल तर डीव्हीआयच्या जुन्या मॉनिटरला बहुतेक स्पीकर नसतोच, तर तो प्रश्न नाही.

कार्डाचा एचडीएमआय दुसऱ्या कशाला, टीव्हीला वगैरे, ठेवायचा असेल तर डिस्प्लेपोर्टमधून डीव्हीआय काढा, तेही होतं. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला दोन अधिकच्या खुणांसारखं चिन्ह असलं, डीपी प्लस प्लस म्हणतात त्याला, तर तो पोर्ट गरजेप्रमाणे एचडीएमआयचा सिग्नल सुद्धा सोडतो, त्यामुळे साधा पॅसिव्ह, म्हणजे रूपांतर न करणारा, अॅडॅप्टर पुरतो. पण इथे एक दिशा लक्षात ठेवा, आणि ही चूक मी स्वतः केलीये म्हणून जरा ठासून सांगतो. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल एकाच बाजूने चालते, डिस्प्लेपोर्ट पीसीकडे आणि एचडीएमआय मॉनिटरकडे. एकदा लॅपटॉपला फक्त एचडीएमआय होता आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट मोकळा होता, मी म्हटलं केबल तर केबल, फिरवून लावू. टोकं बरोब्बर बसली, स्क्रीन काळी ती काळीच. एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट करायचं तर आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुतेक वेळा यूएसबीची शेपटी असते वीज घ्यायला. शेपटी नसलेली दोन टोकांची केबल "दोन्ही बाजूंनी चालते" म्हणून कोणी विकत असेल तर नीट चौकशी करा.

व्हीजीए मी मुद्दाम शेवटी ठेवतोय. ते १९८७ चं, अॅनालॉग, त्यात सिग्नल लाटेच्या स्वरूपात जातो त्यामुळे केबल लांब आणि हलकी असली की अक्षरांच्या मागे सावली दिसते, इथे केबलच्या दर्जाने चित्र खरंच बदलतं. नव्या कार्डांना व्हीजीए नाहीच आणि डिजिटल पोर्टमधून व्हीजीए काढायचं तर रूपांतर करणारा अॅक्टिव्ह अॅडॅप्टर लागतो, हाताला जरा कोमट लागतो तो, तेव्हा चालू आहे असं समजायचं. पीसीसाठी तुम्हाला व्हीजीएची गरज नाही. पण लॅपटॉपसाठी त्याचा उपयोग होणार आहे, बघा कसा.

लॅपटॉपच्या बाबतीत पहिला प्रश्न त्याचा यूएसबी-सी पोर्ट व्हिडिओ देतो का. टोकाचा आकार सगळ्यांचा सारखा असल्याने इथे सगळ्यात जास्त फसगत होते. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचं डी आणि पी जोडलेलं चिन्ह किंवा थंडरबोल्टचा, म्हणजे सी टोकाच्याच वेगवान प्रकाराचा, वीज पडल्यासारखा बाण दिसला तर मिळतं, काहीच नसलं तर मॉडेलच्या माहितीत डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड असं शोधा, म्हणजे सी पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचं चित्र पाठवायची सोय. दुसरं म्हणजे केबल. मोबाईलच्या चार्जरबरोबर आलेली सी ते सी केबल बहुतेक यूएसबी २.० ची असते, तिच्यात वेगाच्या तारा भरलेल्याच नसतात, चार्जिंग झकास होतं आणि स्क्रीन येत नाही. मग लोक म्हणतात मॉनिटरचा पोर्ट खराब आहे. मॉनिटरबरोबर आलेली सी केबल वापरा, ती बाजूला ठेवून त्यावर चिकटपट्टीने "मॉनिटर" लिहून टाका, नाहीतर दोन महिन्यांनी कोणीतरी ती मोबाईलला लावणार आणि तुमच्या हातात दुसरीच येणार.

म्हणजे लॅपटॉप ते नवा मॉनिटर एक सी केबल, चित्रही जाईल आणि मॉनिटर पॉवर डिलिव्हरी देत असेल तर लॅपटॉप चार्जही होईल. किती वॉट देतो ते बघून घ्या, लॅपटॉपला ९० लागत असतील आणि मॉनिटर १५ देत असेल तर काम करता करता बॅटरी उतरत राहते. ६० वॉटच्या वर न्यायचं तर केबल ५ अँपिअरची लागते, त्यात ओळख सांगणारी छोटी चिप असते. आणि जुना मॉनिटर? त्याच्या डीव्हीआयमध्ये पीसी बसलाय, व्हीजीए मोकळं आहे, तर लॅपटॉपच्या एचडीएमआयला एचडीएमआय ते व्हीजीए अॅक्टिव्ह अॅडॅप्टर आणि तुमची कपाटातली जुनी निळ्या टोकाची केबल. १०८०पीला मेल आणि चॅट बघायला पुरेसं होतं. मग मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदलायचा, केबल उपसाउपशी नको.

लोक इथे डॉक घेतात, म्हणजे लॅपटॉपच्या एका सी पोर्टला लावून स्क्रीन, पेनड्राइव्ह, नेटवर्क सगळं जोडायचा डबा. डॉक सोयीचा असतो, नाही म्हणत नाही, पण घेण्याआधी एक हिशोब करा. यूएसबी-सी मध्ये वेगाच्या तारांच्या चार जोड्या असतात. डॉकला पेनड्राइव्ह, नेटवर्क वगैरे वेगात चालवायचं म्हणून दोन जोड्या यूएसबीला जातात आणि चित्राला उरतात दोन. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने दोन जोड्यांचे होतात ८.६४ गिगाबिट. एका ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० च्या, स्क्रीनला ६० हर्ट्झवर नुसते ठिपके धरले तरी १२ च्या आसपास लागतात. मग डॉक गुपचूप ३० हर्ट्झवर उतरतो. एका ठिकाणी मला बोलावलं होतं "माऊस चिकटतोय" म्हणून, त्या बाईंनी दोन माऊस बदलून झाले होते, पॅड बदललं होतं. मी खिडकी धरून गोल फिरवली, मागे तिच्या सावल्या राहत होत्या, तिथेच कळलं, सेटिंगमध्ये ३० हर्ट्झ. लॅपटॉप आणि डॉक दोन्ही १.४ वाले असते तर त्याच दोन जोड्यांतून १२.९६ जातात आणि ४के ६० जेमतेम बसलं असतं. तुमच्या स्क्रीन १४४०पी आणि १०८०पी, दोन्ही ६० हर्ट्झवर मिळून ९ च्या वर जातात, म्हणजे जुन्या लॅपटॉपवर तिथेही थोडक्यात हुकेल. थंडरबोल्ट ४ असेल तर डोक्याला ताप नाही, दोन ४के ६० हर्ट्झवर चालवता येणं ही त्याची अटच आहे.

ऑफिसचा लॅपटॉप मॅक असेल तर अजून एक खाच आहे. डिस्प्लेपोर्टमध्ये २०१० च्या १.२ व्हर्जनपासून एका वाटेतून दोन वेगळी चित्रं पाठवायची सोय आली, एमएसटी, विंडोजवाले बरेच डॉक तिच्यावरच चालतात. मॅकओएस ती वापरून स्क्रीन एक्सटेंड करत नाही, त्यामुळे तसा डॉक लावला की दोन्ही बाहेरच्या स्क्रीनवर एकच चित्र दिसतं आणि माणूस डॉक परत करून तसलाच दुसरा आणतो. त्यात मूळ एम१ आणि एम२ चिपवाले मॅकबुक अधिकृतपणे एकच बाहेरची स्क्रीन घेतात. त्यांना डिस्प्लेलिंकवाला डॉक लागतो, तो ड्रायव्हर टाकून चित्र दाबून यूएसबीवरून पाठवतो, कागदपत्रांना ठीक, गेम आणि व्हिडिओ एडिटिंगला नको.

लांबीचं फार ताणत नाही. डिस्प्लेपोर्ट २ मीटर, एचडीएमआय ३ मीटरपर्यंत निर्धास्त. ५ मीटरच्या पुढे ४के ६० हर्ट्झ साध्या तांब्याच्या तारेवर बेभरवशाचं होतं, पीसी दुसऱ्या खोलीत ठेवायचा असेल तर फायबरची अॅक्टिव्ह केबल घ्या, तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, भिंतीतून ओढायच्या आधी वाचा. नंतर वाचलेले लोक मी पाहिलेत. पण फार आखूडही नको, मॉनिटर आर्मवर असेल तर तो पूर्ण पुढे ओढून, पूर्ण वळवून मोजा आणि वर अर्धा मीटर सोडा. पोर्ट खाली तोंड केलेले असतात, केबल ताणलेली राहिली की प्लग तिरका होतो.

सगळं जोडून झालं की विंडोज आणि पी दाबून एक्सटेंड. मग सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्यात अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि दोन्ही मॉनिटर एकेक करून निवडून बघा, रिफ्रेश रेट तिथे लिहिलेला असतो. नव्या मॉनिटरवर १६५ तुम्हालाच निवडावं लागेल, विंडोज बरेचदा ६० वर ठेवतं आणि लोक वर्षभर १६५ चा मॉनिटर ६० वर वापरतात. त्याच पानावर रंगाचा फॉरमॅट दिसतो, तिथे आरजीबी हवा. वायसीबीसीआर ४:२:० किंवा ४:२:२ दिसलं तर पांढऱ्यावरच्या लाल-निळ्या बारीक अक्षरांच्या कडा धुरकट दिसतात, वेग पुरत नाही म्हणून रंगाची माहिती कापलेली असते, हर्ट्झ कमी करून बघा. आणि एचडीएमआयवरच्या स्क्रीनमध्ये काळा रंग राखाडी वाटला तर कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट रेंज लिमिटेड आहे ती फुल करा, कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून बसलेलं असतं. फिकट चित्र म्हणतात ते बहुतेक हेच.

एक स्क्रीन रुसली तर दोन्ही मॉनिटरच्या केबल अदलाबदल करून बघा असं नेहमी सांगतात, तुमच्याकडे टोकं वेगळी असल्याने ते जमणार नाही. तुम्ही असं करा, आधी तीच डिस्प्लेपोर्ट केबल कार्डाच्या दुसऱ्या डिस्प्लेपोर्टमध्ये घाला, मग नव्या मॉनिटरला एचडीएमआयने लावून पहा. पोर्ट बदलल्यावर सुरळीत झालं तर तो पोर्ट गेलाय, केबल बदलल्यावर झालं तर केबल, दोन्हीत नाही तर मॉनिटरचा पुरवठा काढून मिनिटभर थांबून परत द्या, डिस्प्लेपोर्टचे मॉनिटर झोपेतून उठताना कधीकधी असे अडकतात.

हो, आणि नवा मॉनिटर बटणाने बंद केला की सगळ्या खिडक्या जुन्यावर उड्या मारून जातील, घाबरू नका. डिस्प्लेपोर्टवर बंद मॉनिटर कार्डाला काढून नेल्यासारखा दिसतो म्हणून तसं होतं. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या पानावर मल्टिपल डिस्प्लेज उघडा, खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, त्याला टिक करून ठेवा, परत चालू केला की त्या आपापल्या जागी येतात. जुन्या मॉनिटरवर व्हीजीएने लॅपटॉप लावाल तेव्हा चित्र एका बाजूला सरकलेलं दिसलं तर त्याच्या पुढच्या पट्टीवरचं ऑटो बटण दाबा, दोन सेकंद थरथरून जागेवर येईल.